सरासरीबाहेरची मुलं

कृतिसंशोधनात मला जिल्ह्यात बक्षीस मिळालं, त्याचं मोठं कारण असं की माझ्या वर्गातली सगळ्यांत कच्ची मुलं उत्तरचाचणीच्या वेळी गावातच नव्हती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा. तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे. निम्म्याअधिक पोरांचं गाडं जोडाक्षरापाशी अडायचं. त्या सुमारास शिक्षण परिषदेत 'असर' सर्वेक्षणाची वाचनचाचणी दाखवली होती: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथवर सहज वाचेल ती त्याची पातळी. मला ती सुटसुटीत वाटली. अप्रगत मुलं निवडायची, शाळा सुटल्यावर तासभर शिकवणी घ्यायची, आधी आणि नंतर पातळी मोजायची, अहवाल पाठवायचा. आराखडा एका बैठकीत झाला. शीर्षकालाच काय तो वेळ लागला. 'परिणामकारकतेचा अभ्यास' हे शब्द कुठे बसवायचे ते ठरत नव्हतं.

पूर्वचाचणी शाळा उघडल्या उघडल्या घेतली. उन्हाळाभर पुस्तकाला हात न लावलेली पोरं, कुणी आदल्या दिवशी पेरणीवर राबलेलं, कुणी तापातून उठलेलं. त्या एका दिवसात जी मागे पडली ती माझी अप्रगत मुलं. त्यांतली काही नुसत्या नेहमीच्या वर्गानेही श्रावण येईतो पूर्वपदावर आली असती. ती आलीही. ते श्रेय मी शिकवणीच्या खात्यावर जमा केलं. तुलनेला दुसरा गट नव्हताच. 'सगळ्याच मुलांना लाभ द्यायचा होता' असं कारण मी अहवालात दिलं. ते ऐकायला बरं वाटतं म्हणून कुणी खोडत नाही.

उत्तरचाचणीला परिच्छेद तोच ठेवला. नवा शोधायचा कंटाळा, दुसरं काही नाही. एक मुलगी समोर बसली आणि घडाघडा वाचू लागली. मी खुश. मग माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. बोट दुसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड चौथ्या ओळीत. मी अंगठ्याने खालच्या ओळी झाकल्या, तरी आवाज थांबेना. शिकवणीत तोच कागद इतक्यांदा हाताळला होता की तिला तो पाठ झाला होता. तिची चूक काहीच नव्हती. सरांना काय हवंय ते तिने बरोबर ओळखलं होतं. अंगठा तसाच ठेवून मी डाव्या हाताने तिच्या नावापुढे 'परिच्छेद' लिहिलं.

ही लबाडी मला तेव्हाही कळली होती. पुढची कळलीच नाही, आणि महागात तीच पडली.

आमच्याकडे दिवाळी झाली की कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला साखर कारखान्यांच्या फडावर जायचं. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी आणि पोरं. मी त्याच गावात राहणारा, हे दरवर्षी बघणारा माणूस. तरीही मी उत्तरचाचणी फेब्रुवारीत ठेवली होती. शिकवणीच्या बारापैकी पाच मुलं नोव्हेंबरातच गेली.

सरासरी काढायला बसलो तेव्हा त्या पाच ओळींपुढे आकडाच नव्हता. मी पट्टी लावून लाल पेनाने एकेक नाव खोडलं. पद्धत म्हणून बघितलं तर चूक दिसत नव्हती: दोन्ही चाचण्या ज्यांनी दिल्या त्यांचीच तुलना. पण ते पाच म्हणजे अक्षरापाशी अडलेले. ते गेल्यावर गटाची सरासरी कुणाला काही न शिकवताही वर चढली. पूर्वचाचणीची सरासरी मात्र मी बाराही जणांची ठेवली. ती आधीच टाइप करून झाली होती. अहवालात एक वाक्य टाकलं, 'काही विद्यार्थी अपरिहार्य कारणास्तव अनुपस्थित होते.' शाल, श्रीफळ, टाळ्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी मुंबई आणि वडोदऱ्यातल्या बालसखी प्रयोगाचा शोधनिबंध वाचनात आला. 'प्रथम'चा तो कार्यक्रम. अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2007 साली छापलेला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं वस्तीतल्याच एका तरुणीकडे रोज दोनेक तास शिकायची. पहिल्या वर्षी वडोदऱ्यात काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काहींत चौथीला. म्हणजे कुठलीही शाळा कोरडी राहिली नाही आणि तुलनाही झाली. माझं 'सगळ्यांना लाभ'चं कारण तिथेच निकालात निघालं. चाचणीला गैरहजर असलेल्यांसाठी ते लोक शाळेत पुन्हा पुन्हा गेले, तरी सापडली नाहीत ती मुलं शक्य तितकी शाळेबाहेर गाठली. मला फडाचा पत्ता मुकादमाच्या घरी विचारता आला असता. त्याचं घर शाळेच्या पाठीमागेच होतं.

त्या खोडलेल्या पाच ओळी हाच माझ्या संशोधनाचा खरा निष्कर्ष होता. हंगामी वसतिगृहाची योजना तेव्हा होती. आईबाप तोडीला गेले तरी मुलं गावात राहून शाळा करू शकतात. आमच्या गावाला त्याची गरज आहे हे सांगायला माझ्याकडे नावानिशी, पातळीनिशी पुरावा होता: कोण केव्हा गेलं, जाताना काय वाचत होतं. मी जिल्ह्याला कळवलं ते इतकंच की जादा तास परिणामकारक ठरतो. त्या पाचांपैकी दोघं गुढीपाडव्यानंतर परत आली, पुन्हा अक्षरावर. बाकीची माझ्या शाळेत आली नाहीत.

आता तालुक्यातले शिक्षक त्यांचे आराखडे माझ्याकडे वाचायला आणतात. उद्दिष्टं, गृहीतकं मी नंतर बघतो. आधी वेळापत्रक उघडतो आणि यातलं दिवाळीनंतर कोण गावात असेल ते विचारतो. गेल्या खेपेला एक बाई जरा वैतागल्या.

"पण सर, गेलेल्यांचं काय लिहू?"

"गेली असं लिहा. कधी, कुठे, कोणत्या पातळीवर."

"मग निष्कर्ष पडतो हो. नंबर नाही लागायचा."

"नाही लागायचा," मी म्हटलं. नंबर कसा लागतो ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्यांचा लागला नाही. गेलेल्या मुलांचा तक्ता मात्र त्यांच्या मुख्याध्यापकांनी वसतिगृहाच्या प्रस्तावाला जोडला. प्रस्ताव अजून पुढे सरकलेला नाही. पण 'अपरिहार्य कारणास्तव' हे शब्द त्यात कुठेही नाहीत, एवढं मी स्वतः वाचून पाहिलंय.