'डॉन्टेड' झालेल्या भाचीस

चि. सानिका,


तुझी मेल तुझ्या आईने मला पाठवली. प्रबंधाचं पहिलं प्रकरण उघडलं की 'डॉन्टेड' वाटतं, असं लिहिलंयस. आईने ते 'डोन्ट' वाचलं आणि "पोरगी काय करू नको म्हणतेय गं?" असं विचारायला फोन केला. प्रबंधाचं तू बघशील, शब्दाचं मी बघते. निवृत्त मास्तरीण आहे, एवढा हक्क राहू दे.

'डॉन्ट'चं मूळ लॅटिनमधलं 'दोमितारे'. म्हणजे जनावर माणसाळवणं. जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमाराला हे क्रियापद इंग्रजीत आलं, तेव्हा त्याचं काम होतं शत्रूला नमवण्याचं, उधळ्या घोड्याला लगामात आणण्याचं. फ्रेंचांचा 'दोंतर' आजही सर्कशीत वाघ-सिंहांना खेळवतो. समोरच्याचा धीर खचवणं, हा अर्थ इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या अखेरीला रुळला. मधल्या काळातली एक गंमत मला फार आवडते. विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौदाव्या शतकातल्या इंग्रजी बायबलात, यशयाच्या पुस्तकात, लेकराला मांडीवर खेळवण्यासाठीही हेच क्रियापद आलंय! जनावर चाबकाने वश होतं तसं थोपटूनही होतं, म्हणून असेल. पुढे लाड गळून पडले, दरारा तेवढा उरला.

आता 'कावर्ड' बघ. त्याच्या पोटात लॅटिन शेपूट आहे, 'काउदा'. शेपूट घालणं आपल्याकडचंच वाटावं, पण इंग्रजांच्या भेकडालाही ते तिकडूनच चिकटलंय. भेकड हा माणसाच्या स्वभावावर मारलेला शिक्का. 'डॉन्टेड'चं तसं नाही. तो कर्मणी आहे: कुणीतरी, कशानेतरी तुला नमवलंय. आणि मुळात जे मस्तवाल असतं त्यालाच नमवावं लागतं. मेंढराला कोण माणसाळवायला जातं? तुझी तक्रार मला तरी निम्मी बढाईच वाटली.

'डॉन्ट'च्या घराण्याची एक शाखा आपल्याकडेही आहे. संस्कृत 'दम्' धातू लॅटिन 'दोमारे'चा आणि इंग्रजी 'टेम'चा सख्खा भाऊ. त्यातूनच 'दमन' आलं, आणि जुंपायच्या वयाला आलेला गोऱ्हा तो 'दम्य'. पण इकडे या धातूचं वळण निराळं. आपल्या गावच्या विहारात बुद्धवंदना चालते, त्यात बुद्धाला 'पुरिसदम्मसारथि' म्हटलंय: वळण लावण्याजोग्या माणसांचा सारथी. त्या हातून वळण लागलेला भेदरत नाही. तो 'दान्त' होतो, शांत होतो. एकाच धातूतून एकीकडे धास्ती निघाली आणि दुसरीकडे संयम. लगाम कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं, असं मला वाटतं. तुझ्या बाबतीत तो बहुधा त्या कोऱ्या पानाच्या हातात गेलाय, आणि पानाला काही घोडा हाकता येत नाही.

'डॉन्टलेस', 'अनडॉन्टेड' ही वीरश्रीची विशेषणं तुला ठाऊक आहेतच. ब्रिटिश आरमाराने त्यांची नावं युद्धनौकांनाही दिली. माझा जीव मात्र कोशाच्या कोपऱ्यातल्या एका अर्थावर जडलाय. खारवलेले हेरिंग मासे पिंपात दाबून बसवायची लाकडी चकती, तिलाही 'डॉन्ट' म्हणतात. धीर खचलेल्या माणसाचं इतकं नेमकं चित्र विक्लिफलाही जमलं नसतं.

तू सेंट अँड्र्यूजला आहेस, तिथून अँस्ट्रदर जवळ. तिथे मच्छीमारीचं मोठं संग्रहालय आहे. एखाद्या रविवारी प्रबंध मिटून जा, आणि ही चकती कुठे मांडलेली दिसते का बघ. दिसली तर फोटो आईला नको, मला पाठव. तिला पुन्हा समजावून सांगायचं त्राण माझ्यात नाही.

तुझी,
मावशी