ऑस्टिनचा हॉर्मेल आणि आमचं उमेळे

रोचेस्टरहून ऑस्टिनला जायला तासाभराचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मधूनच धान्य साठवायची उंच पत्र्याची गोल कोठारं, की पुन्हा मका. मिनेसोटा राज्याचा हा दक्षिणेकडचा भाग. भाचा रोचेस्टरच्या इस्पितळात नोकरीला आहे, गाडी तोच चालवत होता. "मावशी, इथे लोक सरोवरं बघायला येतात. तुला मटणाचा कारखाना असलेलं गाव का बघायचंय?" त्याने विचारलं.

तो मुंबईत वाढलेला, म्हणून त्याला सांगावं लागलं. नायगाव स्टेशनच्या पश्चिमेला, वसईतलं आमचं उमेळे. माझ्या लहानपणी तिथल्या ख्रिस्ती घरांच्या मागच्या अंगणात डुकरं असायची. लग्नाच्या आदल्या दिवशी वाडीतले जाणते पुरुष डुक्कर कापायचे, वाटे करायचे. बायका पाट्यावर इंद्यालाचा, म्हणजे सिरक्यातल्या मटणाचा, मसाला वाटायच्या. फ्रीज कुणाकडेच नव्हता. मीठ, सिरका आणि मसाला यांच्या जोरावर ते मटण पुढचे काही दिवस टिकायचं आणि अख्खी वाडी त्यात वाटेकरी असायची. टिकवायचं कसं आणि वाटायचं कसं, हे दोनच प्रश्न. ऑस्टिनमध्ये एका माणसाने याच दोन प्रश्नांवर गाव उभं केलं, असं मी वाचलं होतं.

ऑस्टिन जेमतेम पंचवीस-सव्वीस हजार वस्तीचं गाव आहे. सीडर नदी गावातून वाहते. ती मोठी नाही, पण ऑस्टिनचा इतिहास तिच्याच काठावर सुरू होतो. गाव उभं करणारा तो माणूस म्हणजे जॉर्ज हॉर्मेल. त्याचा जन्म १८६०चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. आईवडील जर्मन वंशाचे, वडिलांचा ओहायोतल्या टोलेडो गावी कातडी कमावायचा धंदा. १८७३च्या मंदीने तो धंदा मोडकळीला आला आणि पोराची शाळा सुटली. शिकागोत मामाच्या मटणाच्या दुकानात तो सुरी धरायला शिकला. पुढे लोकर आणि कातडी विकत घेणारा फिरता खरेदीदार म्हणून गावोगाव हिंडला आणि त्या फिरतीत त्याला ऑस्टिन सापडलं. १८८७ साली त्याने उसनवारी करून फ्रीडरिक नावाच्या भागीदाराबरोबर खाटकाचं दुकान टाकलं. १८९१ साली भागीदारी मोडली तेव्हा जॉर्जने नदीकाठच्या एका बंद पडलेल्या लोणी-कारखान्यात स्वतःचं काम सुरू केलं. यंत्राची थंडी सर्वत्र पोचण्याआधी या मुलखात मटणाचा धंदा हिवाळ्यात गोठलेल्या पाण्याच्या आधाराने चालायचा. नदीतला बर्फ कापायचा, भुशात साठवायचा, उन्हाळा त्यावर काढायचा.

हॉर्मेलचं राहतं घर आजही उभं आहे. १९०१ साली त्याने ते घेतलं आणि मग पुढच्या बाजूला उंच खांब उभे केले. पत्नी लिलियन लग्नाआधी शाळेत शिकवायची. १९२७च्या सुमारास दोघं कॅलिफोर्नियाला राहायला गेले तेव्हा हे घर त्यांनी बायकांच्या एका संस्थेला देऊन टाकलं. आता ते स्मारक आहे, गावातली लग्नंसुद्धा तिथे लागतात. संस्थापकाच्या दिवाणखान्यात गावातल्या पोरींची लग्नं लागावीत, यापेक्षा चांगलं स्मारक मला सुचत नाही.

घराकडून हॉर्मेल कंपनीच्या संग्रहालयाकडे चालत जाताना मात्र माझ्या मनात १९२१ साल होतं. हॉर्मेलच्या आयुष्यातलं ते सर्वांत वाईट वर्ष. कंपनीच्या हिशेबखात्यातला सहायक, साय थॉमसन, याने काही वर्षांत दहा लाख डॉलरांहून जास्त रक्कम उचलली होती. त्या पैशातून त्याने जवळपासच्या गावांत कोंबड्यांचे आणि गुरांचे टोलेजंग फार्म उभे केले होते आणि तो दानशूर म्हणून मिरवत होता. चोरी उघडी पडली तेव्हा कंपनी बँकांच्या कर्जात रुतलेली होती. साठ वर्षांचा हॉर्मेल बँकवाल्यांपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने मुदत मागितली. मुदत मिळाली. माझ्या मते हॉर्मेलची खरी परीक्षा त्या खोलीत झाली. खाटकाच्या सुरीपेक्षा त्याचा शब्द जास्त उपयोगी पडला.

संग्रहालय गावाच्या मधोमध आहे, प्रवेश फुकट. २०१६ साली ते या नव्या जागी आलं. सगळं एका चौकोनी डब्याभोवती रचलेलं: स्पॅम. १९२६ साली कंपनीने डबाबंद हॅम काढला आणि १९३७ साली जॉर्जचा मुलगा जे याच्या कारकिर्दीत हा डबा आला. डुकराच्या खांद्याचं मटण तोवर विकायला अवघड जायचं, त्यात हॅम मिसळून ते डब्यात बंद करून शिजवलं. दुसऱ्या महायुद्धात हे डबे कोट्यवधी पौंड वजनाने दोस्त राष्ट्रांच्या सैन्याला गेले. हवाई आणि फिलिपिन्समध्ये ते घरच्या जेवणात कसे मिसळून गेले, तेही तिथे दाखवलंय. भातावर तळलेल्या स्पॅमची चकती बघून मला लगेच आमचं जेवण आठवलं. तांदूळ आणि डुकराचं मटण एकत्र खाणारी माणसं जगात किती आहेत.

पण ऑस्टिनला जाऊन फक्त डबा बघून परतणं मला मान्य नाही. १९३३च्या नोव्हेंबरात कामगारांनी कारखान्याचा ताबा घेतला आणि तीन दिवस आत ठाण मांडलं. गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन स्वतः मध्यस्थीला आले. त्यानंतर जे हॉर्मेलने कामगारांना वर्षभराच्या पगाराची हमी देणारी पद्धत आणली. मंदीच्या काळात ती गोष्ट लहान नव्हती. याच गावात १९८५च्या ऑगस्टमध्ये सुमारे पंधराशे कामगार पुन्हा संपावर गेले. आदल्या वर्षी तासाचा पगार १०.६९ डॉलरवरून ८.२५वर आणला होता आणि कंपनी मात्र फायद्यात होती. कामगारांच्या देशपातळीवरच्या संघटनेने पाठिंबा दिला नाही. जानेवारी १९८६मध्ये राज्याची सशस्त्र तुकडी दारात उभी राहिली आणि नवे कामगार आत गेले. सख्ख्या भावांपैकी एक आत, एक बाहेर, असं झालं. बार्बरा कॉपल यांच्या 'अमेरिकन ड्रीम' या माहितीपटात ते सगळं आहे, त्याला ऑस्कर मिळालं. तेव्हा संस्थापक जाऊन चाळीस वर्षं होत आली होती. तरीही संस्थापकाची आठवण काढताना या पंधराशे घरांची आठवण काढलीच पाहिजे, असं मला वाटतं. डुकरं कापणारे हात त्यांचे होते. आज त्या कामावर मेक्सिकोतून, सुदानमधून, बर्मातून आलेली माणसं आहेत.

एवढं होऊनही कंपनीचं मुख्यालय ऑस्टिन सोडून गेलं नाही. याचं कारण १९४१ साली बाप-लेकांनी केलेली एक व्यवस्था. हॉर्मेल फाउंडेशन नावाचा न्यास त्यांनी काढला आणि कंपनीच्या समभागांचा मोठा हिस्सा त्याच्या हाती राहील अशी तजवीज केली. आज जवळजवळ निम्मे समभाग या न्यासाकडे आहेत. बाहेरच्या कुणाला कंपनी उचलून न्यायची असेल तर आधी न्यासाला विचारावं लागतं, आणि न्यास ऑस्टिनसाठी आहे. १९४२ साली मिनेसोटा विद्यापीठाबरोबर सुरू झालेल्या हॉर्मेल संस्थेत आज कर्करोगावर संशोधन चालतं. गावातल्या शाळेतून बारावी झालेल्या मुलांची स्थानिक कॉलेजची फी हाच न्यास भरतो. नफ्यातला दानधर्म पुष्कळ लोक करतात. हॉर्मेलने मालकीच गावाजवळ ठेवली.

वसईला ही कल्पना परकी नाही. पापडीची बॅसीन कॅथॉलिक बँक १९१८ सालची. मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने सामान्य माणसांच्या ठेवींवर ती उभी राहिली, आणि तिचे मालक तिचे सभासदच आहेत. आजोबा-पणजोबांच्या त्या शहाणपणावर आपण शंभर वर्षं काढली. पण गेल्या चाळीस वर्षांत आपण स्वतः काय केलं? भातशेती गेली, मिठागरांच्या कडेने इमारती आल्या, जमिनींचे पैसे घरोघर आले आणि घरोघर संपले. गावाच्या नावावर त्यातलं फारच थोडं राहिलं.

म्हणून उमेळे, नायगाव, पापडी इथल्या, धंद्यात यश मिळवलेल्या कुटुंबांना माझी एक विनंती आहे. केटरिंग असो, बांधकाम असो, कारखाना असो, त्याच्या भांडवलातला एक वाटा हयातीतच गावाच्या न्यासाच्या नावे करा, आणि त्या न्यासावर आपल्या घराबाहेरची माणसं बसवा.