दंड, ठिगळ आणि धावदोरा

दिवाळीची साफसफाई निघाली की घराघरांतून जुन्या कपड्यांची बोचकी बाहेर पडतात. काही बोहारणीकडे जातात, काही घंटागाडीत. त्याच सुट्टीत मुलांना शाळेतून काम दिलेलं असतं, 'टाकाऊपासून टिकाऊ' वस्तू करून आणा. मग बाटलीला रंग लागतो, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर उभं राहतं, वर टिकल्या आणि चमकी. प्रदर्शन आटोपलं की ती वस्तू कचऱ्यात जाते आणि तिच्याबरोबर नवा डिंक, नवा रंगही जातो. मी हस्तकला शिकवते, गोधड्या शिवते, आणि हे मला मनापासून खटकतं. जुन्यातून केलेली वस्तू रोजच्या वापरात यायला हवी, फाटली तर पुन्हा सांधता यायला हवी. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अशी वस्तू शोधायला लांब जावं लागत नाही. घडवंचीवर घातलेली गोधड्यांची थप्पी अजून कितीतरी घरांत दिसते.

गोधडीची सुरुवात लुगडं फाटण्याच्याही आधी होते. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते सगळीकडून सारखं विरत नाही. बसण्याउठण्याचा ताण पडतो तिथे आधी जातं. मग बायका त्याला दंड घालत. विरलेला भाग कापून काढायचा, उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे, की लुगडं पुन्हा नेसायला तयार. दंडही पुरेना झाला की त्यातला चांगला भाग गोधडीच्या वरच्या-खालच्या पाटाला, विरलेला आत भरायला. मऊसूत तुकडा बाळाच्या दुपट्याला, कुंचीला. त्यातूनही उरलं त्याचं पोतेरं, आणि अगदी शेवटच्या चिंधीचा काकडा. कोणत्या कापडात अजून किती जीव आहे, हे बोटांनी चाचपून ओळखणं हीच या कामातली खरी विद्या. सुई धरणं त्यामानाने लवकर येतं.

शिवायला बसायचं ते सारवलेल्या किंवा फरशीच्या सपाट जमिनीवर. खालचं लुगडं ताणून पसरायचं आणि चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. पाटा, वरवंटा, जे हाताशी असेल ते. त्यावर जुनी धोतरं, सदरे, पोलक्यांचे तुकडे असे लावायचे की शिवणीवर शिवण येणार नाही. आली, तर तिथे उंचवटा होतो, अंगाला टोचतो आणि सुईही अडते. वर दुसरं लुगडं घालून लांब टाक्यांनी सगळं टाचून घ्यायचं. मग धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात फिरत फिरत आत येतो. कड आधी बांधली गेल्याने आतले तुकडे सरकत नाहीत. पण सैल कापड मध्याकडे ढकललं जातं, म्हणून प्रत्येक फेरीला तळहाताने पाट निपटत जावं लागतं. ही निपटण्याची सवय मुलींना लावताना मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

कापड मात्र सुतीच हवं, आणि जुनंच हवं. नव्या सुताला खळ असते. धुण्यामागून धुणी झाली की ती जाते, धागा मऊ पडतो. सुती कापड घाम शोषून घेतं, आणि थरांच्या मधे अडकलेली हवा ऊब धरते. पॉलिएस्टरच्या साड्या घरात आल्या तिथे या कलेचा कच्चा मालच आटला. ती साडी विरत नाही, घाम पीत नाही, सुईखाली घसरते. माझ्याकडे अशा साड्या आल्या तर मी त्यांच्या वेण्या घालून पायपुसणी करते. गोधडीत त्या घालत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या पायथ्याच्या वाड्यांत, माघातली रात्र जाड गोधडीशिवाय निघत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोडणी करणारी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात, तेव्हा भांड्यांबरोबर गोधड्यांची वळकटी ट्रॅक्टरवर चढते. कोपीत खाली गोणपाट, वर गोधडी, की पोरांची झोपायची सोय झाली. नवरात्राआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायची आपली रीत आहे. प्रवरेच्या, मुळेच्या काठी भिजलेली गोधडी दोघींनी दोन टोकांना धरून पिळताना पाहिली, की तिचं वजन कळतं आणि टाक्याची ताकदही.

झिजल्या कपड्यांतून गोधडी शिवणाऱ्या बाया दूर देशीही आहेत. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची छोटी वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्यांच्या लेकी-नातींनी तिथे शेतात वापरून झिजलेल्या विजारी आणि सदऱ्यांतून गोधड्या शिवल्या. 2002 साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. आमच्या जिल्ह्यातल्या बायांची रंगांची जाण त्यांच्यापेक्षा तसूभरही कमी नाही. हिरव्या इरकलीशेजारी डाळिंबी ठिगळ कुठे बसवायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

शहरातून आता गोधडीला मागणी येते याचा मला आनंद आहे. दर ठरवताना मात्र माझा जीव तुटतो. "कापड तर आमच्याच घरचं, मग एवढे पैसे कशाचे?" असं गिऱ्हाईक सहज विचारतं. म्हणून मी हिशेब मांडून दाखवते. सहा फूट बाय चार फुटांची गोधडी, ओळींमधलं अंतर दोन सेंटिमीटर, तर धावदोऱ्याची लांबी भरते 110 मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला तरी 11 हजार टाके, तेही सहा-सात थरांतून सुई आरपार ओढून. गोधड्या शिवणाऱ्या आमच्या गटात आता दर फेरीवर ठरतो, गोधडीमागे नाही. ओळी जवळ हव्या असतील तर दाम वाढतो, आणि कापड निवडण्याची, टाचण्याची मजुरी वेगळी धरली जाते.