पाटबंधारे खात्यातील कवी आणि त्याचे प्रकाशन

पदरमोड करून स्वतःचे पुस्तक स्वतःच काढणारा नोकरदार लेखक मराठी वाचकाला अपरिचित नाही. घरातील दिवाणात ठेवलेले न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे आणि नोकरीच्या नियमांची अडचण नको म्हणून ‘प्रकाशक’ या शब्दापुढे छापलेले पत्नीचे नाव, या दोन खुणांवरून तो सहज ओळखता येतो. त्याच्याविषयी बोलताना छपाईचा खर्च, वितरकाचे कमिशन आणि ग्रंथालयांकडे अडकलेली बिले यांची चर्चा होते, पण वेळेचा हिशेब क्वचितच मांडला जातो. वस्तुतः लेखन आणि प्रकाशन ही दोन्ही कामे कचेरीतून उरलेल्या त्याच तुटपुंज्या वेळात उरकायची असल्यामुळे मुद्रितशोधनाला, छापखान्याच्या खेपांना आणि पार्सले बांधण्याला गेलेला प्रत्येक तास लेखनातूनच वजा होत असतो. या पेचातून सर्वांत चोख वाट ज्याने काढली, तो लेखक म्हणजे अलेक्झांड्रियाचा ग्रीक कवी कॉन्स्टंटाइन कवाफी (१८६३-१९३३). विसाव्या शतकातील श्रेष्ठ कवींत ज्याची गणना होते, त्या या कवीने हयातीत विक्रीसाठी एकही संग्रह बाजारात आणला नाही, आणि तरीही तो शेवटपर्यंत अखंड प्रकाशन करीत राहिला.

कवाफीचे घराणे मूळचे व्यापारी. १८७० मध्ये वडील वारल्यानंतर पेढी खालावत गेली आणि कुटुंब काही वर्षे इंग्लंडमध्ये राहिले. तेथे पक्के झालेले इंग्रजी हीच पुढे या मुलाची खरी शिदोरी ठरली, कारण १८८२ नंतर इजिप्तचा कारभार ब्रिटिशांच्या हाती गेल्यावर सरकारी कचेऱ्यांत चांगले इंग्रजी लिहिणाऱ्याला किंमत आली होती. काही काळ बिनपगारी उमेदवारी केल्यानंतर १८९२ मध्ये त्याला सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाच्या अखत्यारीतील पाटबंधारे खात्याच्या तिसऱ्या मंडळात कारकुनाची जागा मिळाली. मंडळ म्हणजे कालवे आणि बंधारे यांच्या देखभालीसाठी पाडलेला प्रशासकीय विभाग. महाराष्ट्रातील पाटबंधारे मंडळांची घडण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कचेरीचे चित्र वेगळे रंगवून सांगण्याची गरज नाही. ग्रीक नागरिकत्व पत्करल्यामुळे त्याला कायम नेमणूक मिळू शकत नव्हती, आणि म्हणून ही ‘तात्पुरती’ नोकरी मुदतवाढीवर मुदतवाढ घेत १९२२ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे चालली. सरकारी नोकरीतील तात्पुरतेपणाचे आयुष्य बहुतेक देशांत असेच दीर्घ असावे.

त्याच्या दिवसाची आखणी साधी होती. कचेरीचे काम दुपारपर्यंत आटोपे आणि पुढचा वेळ मोकळा मिळे. त्यातलाही काही भाग काही वर्षे शेअरबाजारातील दलालीत जात होता. त्याच्या एका सहकाऱ्याने पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार तो कचेरीत बऱ्याचदा उशिरा येई, टेबलावर फायली पसरून ठेवून कामाच्या ओझ्याचा देखावा करी आणि अधूनमधून खोलीचे दार लावून घेई; किल्लीच्या भोकातून डोकावणाऱ्यांना तो नटासारखे हात उंचावून काहीतरी म्हणताना आणि मग घाईने लिहून घेताना दिसे. याच आठवणींत दुसरी बाजूही आहे. इंग्रजी पत्रव्यवहार त्याच्या नजरेखालून जाई, आणि स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला तरी हाताखालच्या कारकुनाला पत्र पुन्हा लिहावे लागे. कामचुकार आणि काटेकोर ही दोन्ही विशेषणे एकाच माणसाला लागू पडावीत यात विसंगती वाटेल. पण ज्याला वेळ चोरायचा आहे त्याला उरलेल्या कामात बोट ठेवायला जागा ठेवून चालत नाही, हे कोणत्याही कचेरीत चार वर्षे काढलेला माणूस जाणतो.

या चोरलेल्या वेळाने त्याचे समाधान मात्र झाले नव्हते. १९०५ मधील एका खासगी टिपणात त्याने आपल्या लहानसहान चैनींसाठी मोजलेल्या किमतीचा हिशेब मांडला आहे: काम करता करता एखादी दुर्मीळ प्रतिमा किंवा तयार ओळी सुचतात, काम तुंबवता येत नाही म्हणून त्या बाजूला ठेवाव्या लागतात, आणि घरी येऊन थोडा विसावा घेऊन आठवू गेले तर त्या निघून गेलेल्या असतात. रागापेक्षा ताळेबंदाचा स्वर अधिक असलेले हे टिपण नोकरदार लेखकांच्या दिनचर्येविषयीच्या सर्वांत प्रामाणिक कागदपत्रांपैकी एक मानावे लागेल. संध्याकाळी लेप्सियस रस्त्यावरील दहा क्रमांकाच्या इमारतीतील त्याच्या घरी मित्रांची बैठक भरे. त्या घरात वीज नव्हती. कोणता पाहुणा किती उजेडात बसवायचा, हे यजमान मेणबत्त्या आणि दिवे कमीजास्त करून ठरवीत असे.

आता त्याच्या प्रकाशनपद्धतीकडे वळावे, कारण या लेखाचा खरा विषय तोच आहे. १९०४ मध्ये त्याने चौदा कवितांची एक पुस्तिका खासगीरीत्या छापून घेतली. तिच्या प्रती होत्या शंभर. १९१० मध्ये तिचीच वाढवलेली आवृत्ती, एकवीस कवितांची, निघाली. त्यानंतर मात्र त्याने पुस्तिकेचाही नाद सोडला आणि सुट्या कागदांची पद्धत स्वीकारली. नवी कविता पूर्ण झाली, एखाद्या नियतकालिकात येऊन गेली, की ती सुट्या कागदावर छापून घ्यायची, आधीच्या कवितांच्या छापील कागदांना जोडायची, सर्व कागद पुठ्ठ्याच्या वेष्टणात घालून चापाने अडकवायचे आणि अनुक्रमणिकेत नव्या कवितेचे नाव हाताने लिहायचे. छपाईनंतर एखादा शब्द खटकला तर प्रत्येक प्रतीत पेनने दुरुस्ती केली जाई, आणि बदल मोठा असेल तर जुना कागद काढून नवा घातला जाई. चापातील गठ्ठा जाड झाला की त्यातील जुन्या कविता काढून त्यांची वेगळी शिवलेली पुस्तिका केली जाई. शिवलेल्या पुस्तिकांत कविता विषयांच्या अनुबंधाने लावलेल्या असत, तर चापातील कविता कालक्रमाने. कोणाला कोणता संच केव्हा दिला, याच्या याद्या तो स्वतः ठेवीत असे.

ही सारी रीत कोठून आली, हे निराळे शोधायला नको. सुटे कागद, चाप, पुठ्ठा, अनुक्रमणिका, दुरुस्ती केलेला मसुदा आणि बारनिशी, म्हणजे आवकजावक कागदांची नोंदवही, ही कचेरीची सामग्री आहे. ज्या नोकरीविषयी तो कुरकुरत होता, तिचीच पद्धत त्याने आपल्या कवितेच्या कामी लावली, आणि म्हणून त्याच्या संग्रहाला चालू फायलीचा गुण आला: फाइल बंद होत नाही, तीत कागद येतात, काढले जातात, शेरे बदलतात, आणि तरी ती कोणत्याही दिवशी कोणाही पुढे ठेवण्याइतकी पूर्ण असते. त्याच्या चरित्रकारांनी या पद्धतीकडे बहुधा लहरीपणा किंवा टीकेची भीती म्हणून पाहिले आहे. त्यात तथ्य असेलही. परंतु दिवसाच्या रचनेच्या दृष्टीने पाहिल्यास ती अत्यंत व्यवहारी ठरते. एका कवितेची छपाई ही एका महिन्याच्या पगारात आणि दोन मोकळ्या दुपारींत बसणारी गोष्ट आहे, हजार प्रतींचे पुस्तक तसे नाही. शिवाय पुस्तकाची मुदत डोक्यावर नसल्यामुळे कविता कितीही काळ थांबू शकत असे. ‘शहर’ ही कविता १८९४ मध्ये लिहिली गेली आणि १९१० मध्ये छापली गेली. ‘इथाका’चे बीजही १८९४ चे, अंतिम रूप मात्र १९११ चे. नोकरी सुटल्यानंतरही कवितांचा पूर आला नाही, वर्षाकाठी मूठभर कविता हाच वेग राहिला, यावरून संथपणा हा केवळ कचेरीने लादलेला नव्हता हे उघड होते. ज्या कविता त्याने अखेरपर्यंत मान्य केल्या, त्यांची संख्या १५४ भरते.

या रीतीची किंमतही होती. कवी ज्याला देईल तोच वाचक, असे झाल्यामुळे वर्तुळ लहान राहिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात रेडक्रॉसच्या कामासाठी अलेक्झांड्रियात आलेल्या ई. एम. फॉर्स्टरने १९१९ मध्ये त्याच्यावर लेख लिहिला आणि पुढे इंग्रजी अनुवादासाठी खटपट केली. १९२४ मध्ये टी. एस. एलियटच्या ‘क्रायटेरियन’मध्ये ‘इथाका’ आली. लेनर्ड वुल्फच्या होगार्थ प्रेसला पुस्तक हवे होते, पण कवाफीने गोडीगुलाबीने चालढकल केली. होगार्थचे ते पुस्तक निघाले १९५१ मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी. ग्रीक भाषेतील पहिला विक्रीयोग्य संग्रहसुद्धा १९३५ मध्ये, म्हणजे मरणोत्तरच, अलेक्झांड्रियात प्रसिद्ध झाला.

मराठीत याच्याशी ताडून पाहावे असे उदाहरण अरुण कोलटकरांचे आहे. जाहिरात व्यवसायात पोट भरणाऱ्या या कवीने आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांच्यासह ‘क्लिअरिंग हाउस’ ही कवींचीच प्रकाशनसंस्था उभी केली आणि तिच्यातर्फे १९७६ मध्ये इंग्रजी ‘जेजुरी’ काढली. मराठी कविता अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने प्रसिद्ध केल्या. प्रकाशनाचे काम मित्रांत वाटून घेणे हा येथला मार्ग होता. साठच्या दशकातील सायक्लोस्टाइल केलेल्या अनियतकालिकांनीही, म्हणजे ठरलेल्या मुदतीचे बंधन न पाळता निघणाऱ्या छोट्या अंकांनी, हेच केले होते. कवाफीने सारे एकट्याने केले, कोलटकरांनी सोबतीने. हजार प्रती एकदम छापून त्यांच्यामागे धावण्याचा मार्ग मात्र दोघांनीही धरला नाही.

मराठी नोकरदार लेखकांत आजही पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रती छापण्याची हौस टिकून आहे, आणि मागणीनुसार थोड्या प्रती छापून देणारी यंत्रे आल्यावरही ती पुरती ओसरलेली नाही. अशा लेखकांनी छापखान्याकडून दरपत्रक मागवण्याआधी, आपले पुस्तक खरोखर वाचतील अशा माणसांची नावे एका कागदावर उतरवून काढावीत आणि पहिल्या खेपेस तेवढ्याच प्रती छापाव्यात. नावे साठ भरली तर साठ.