पाचशे अश्वशक्ती पेलणारा गिअरबॉक्स

अमेरिकेत जुन्या गाड्या जतन करण्याचा छंद मोठा आहे आणि त्यात मूळ इंजिन काढून अधिक बलवान इंजिन बसवणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग आहे. समजा, अशा एखाद्या गृहस्थाने १९७० सालच्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये ७.४ लिटरचे, सुमारे ५०० अश्वशक्तीचे इंजिन बसवले. इंजिनाची निवड बहुधा मनाच्या ओढीने होते; तेथे हिशेब फारसा आड येत नाही. खरा पेच त्यानंतर उभा राहतो : ही शक्ती चाकांपर्यंत नेणारा स्वयंचलित गिअरबॉक्स कोणता घ्यावा? गाडी शर्यतीच्या मैदानावर न्यायची नाही. पत्नी व मुलांना घेऊन महामार्गाने तीनशे किलोमीटरवरच्या मेळाव्याला जायचे आहे. निवड चुकली तर रस्त्यात अडकणे आणि दुहेरी खर्च, दोन्ही पदरी येतात.

मित्रमंडळींत पहिले नाव निघते ते पॉवरग्लाइडचे. शेव्हरोलेने १९५० च्या मॉडेलात आणलेला हा दोनच गिअरांचा गिअरबॉक्स हलका आणि सुटसुटीत असल्याने पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत त्याला आजही मान आहे. मात्र शर्यतीची गाडी हलकी असते आणि चढ्या फेऱ्यांवरच सुटते. शेव्हेलसारख्या जड गाडीला प्रत्येक सिग्नलवर १.८२ एवढ्याच पहिल्या गिअरवर उठावे लागले, तर तिचा दम तेथेच निघतो. शर्यतीतला नावलौकिक रस्त्यावर वटत नाही.

टर्बो हायड्रामॅटिक ४०० ची गोष्ट निराळी. १९६४ च्या कॅडिलॅक व ब्युइक गाड्यांतून तो प्रथम आला. गुणोत्तरे २.४८, १.४८ आणि १. रोल्स-रॉइसने तो सिल्व्हर शॅडोसाठी घेतला, फेरारीनेही १९७६ च्या ‘४००’ या गाडीसाठी घेतला. आपल्या कारागिरीचा एवढा अभिमान बाळगणाऱ्यांनी दुसऱ्याच्या कारखान्यातला गिअरबॉक्स पत्करावा, याहून मोठी जामीनकी कोणती? बळकटीविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही.

उणीव दिसते ती महामार्गावर. मागच्या आसाचे गुणोत्तर ३.७३ आणि टायरचा व्यास २८ इंच धरला, तर ताशी ७० मैलांना, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरला, इंजिन मिनिटाला ३,१०० हून अधिक फेरे घेते. तीनशे किलोमीटर हा घोष ऐकत जायचे म्हणजे मागे बसलेल्यांची परीक्षाच. इंधनाचा खर्च वेगळा. आसाचे गुणोत्तर कमी केले तर आवाज उतरतो, पण सुटतानाचा जोरही उतरतो. कारखान्याच्या व्यवस्थापकाला जसे दरमहाचे भाडे, तसे हे फेरे. माल खपो न खपो, ते चालूच राहतात.

म्हणून चौथ्या, ओव्हरड्राइव्ह गिअरचा विचार येतो. १९८२ चा ७००आर४ वरकरणी मोहक आहे : पहिला गिअर ३.०६, चौथा ०.७०. पण ३.०६ वरून थेट १.६३ वर येताना ६,००० फेऱ्यांचे इंजिन ३,२०० वर कोसळते. शिवाय त्यातील तेलाचा दाब थ्रॉटलला जोडलेल्या एका केबलवर अवलंबून असतो. ती चुकीची बसवली, तर दाब अपुरा राहून आतील क्लच थोड्याच काळात जळतात. काळजीपूर्वक बांधणी केली तर तो टिकतो, हे खरे. तरी एवढ्या जड व बलवान गाडीत त्याच्याकडून हमी मागणे अन्यायाचे वाटते.

शेवटी तोल जातो तो १९९१ पासूनच्या ४एल८०ई कडे. हा टर्बो ४०० चाच वंशज. पहिले तीन गिअर तेच, वर ०.७५ चा चौथा. तेच ११३ किलोमीटर आता २,३५० फेऱ्यांत होतात. शिवाय त्याच्या टॉर्क कन्व्हर्टरला लॉकअप क्लच आहे, आणि माझ्या मते नव्हे तर यंत्राच्या स्वभावानुसार हा मुद्दा सर्वांत मोलाचा ठरतो. कन्व्हर्टर इंजिनाची शक्ती तेलातून पुढे देतो. त्यात थोडी घसरण अटळ असते आणि घसरणीतून उष्णता निघते. गिअरबॉक्सचा खरा वैरी अश्वशक्ती नव्हे, उष्णता. शर्यतप्रेमी लोक ३,५०० फेऱ्यांच्या स्टॉलचा कन्व्हर्टर सुचवतात. रस्त्यावर संथ चालणाऱ्या गाडीत तो सतत घसरत राहतो आणि तेल तापवतो. कॅमशाफ्ट फार तीव्र नसेल, तर २,२०० ते २,५०० पुरेसे. त्याच्या जोडीला रेडिएटरपुढे तेलाचा वेगळा कूलर आणि डॅशबोर्डवर तापमापक बसवणे, ही काटकसर करण्याची जागा नव्हे.

४एल८०ई स्वस्त पडत नाही. तो विद्युत-नियंत्रित असल्याने कार्ब्युरेटरच्या इंजिनाला स्वतंत्र संगणक व थ्रॉटलची स्थिती सांगणारा संवेदक जोडावा लागतो. जुन्या गाडीच्या तळाचा पत्रा ठोकून जागा करावी लागते, आधाराचा आडवा दांडा सरकवावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा करून घ्यावा लागतो. वर्षातून चार वेळा, गावातल्या गावातच फिरणाऱ्याने हा व्याप करू नये. त्याला टर्बो ४०० पुरून उरेल.