आधी घर, मग दप्तर
चेन्नईस गेलात, तर एग्मोर येथील तामिळनाडू अभिलेखागाराची लाल वास्तू अवश्य पाहा. १८५५ साली लयास गेलेल्या तंजावरच्या मराठी राज्याचे मोडी कागद तेथे जतन केलेले आहेत. दक्षिणेत स्थायिक झालेल्या कित्येक मराठी घराण्यांचा माग त्यांत लागू शकेल.

परंतु वाचकहो, शोधाचा प्रारंभ घरातूनच करावा. वडीलधाऱ्यांना पूर्वजांची नावे, मूळ गाव, कुलदैवत विचारा; आजीचे माहेर विसरू नका. कागद शतकभर वाट पाहतो, माणसाची आठवण त्याच्याबरोबरच जाते. नंतर मोडी शिकून दप्तराकडे वळावे.

सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले कुळाचा वृत्तांत तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरविला. आपणांस एक वही पुरे!