परीक्षा लेकीची, तयारी घराची

अहमदपूरच्या एस. टी. डेपोत मी एकतीस वर्षे काम केले. हेल्पर म्हणून लागलो, मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. परीक्षा म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे बाकांच्या रांगा, पर्यवेक्षक, घंटा आणि पुरवण्या येत. त्यामुळे थोरली लेक म्हणाली, "पप्पा, माझी परीक्षा आपल्या घरातच आहे," तेव्हा मला ती थट्टाच वाटली.

लेक संगणकशास्त्रात बी. एस्सी. झालेली. पुण्याला तीन ठिकाणी मुलाखती देऊन आली. मार्क चांगले होते, पण प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, हाताने काम येते का? तेव्हा कोणीतरी तिला ही परीक्षा सुचवली. नाव लांबलचक आहे, सर्टिफाइड कुबरनेटिस अॅडमिनिस्ट्रेटर. कुबरनेटिस हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ नावेचे सुकाणू धरणारा. गुगलच्या लोकांनी हे सॉफ्टवेअर तयार करून २०१४ साली सर्वांसाठी खुले केले. मी ते माझ्या भाषेत असे समजून घेतले : डेपोतली एक गाडी बंद पडली की वाहतूक नियंत्रक दुसरी गाडी काढतो, प्रवासी ताटकळत नाहीत. अनेक संगणकांवर चाललेल्या कामांवर असेच लक्ष ठेवणारा हा नियंत्रक. एक यंत्र बसले की तो तेथले काम दुसऱ्यावर सुरू करतो.

परीक्षा दोन तासांची. त्यात पर्याय निवडायचे नसतात, व्याख्या लिहायच्या नसतात. समोर खरीखुरी यंत्रणा उघडून देतात आणि पंधरा ते वीस कामे सांगतात. हे बिघडले आहे, दुरुस्त कर. ते नाही, उभे कर. शेवटी काम झाले की नाही एवढेच तपासतात. शंभरपैकी ६६ मिळाले की उत्तीर्ण. विशेष म्हणजे कुबरनेटिसची अधिकृत माहितीपुस्तिका परीक्षेत उघडून पाहायला परवानगी असते. फी मात्र डॉलरमध्ये. सवलतीच्या दिवसांत भरली तरी ती माझ्या आठ महिन्यांच्या पेन्शनइतकी झाली. त्या फीत दोन संधी असतात आणि त्या वर्षभरात वापराव्या लागतात.

पहिली संधी आम्ही गमावली. त्यात माझाही दोष आहे. आपला लातूर जिल्हा 'लातूर पॅटर्न'साठी प्रसिद्ध. पाठांतर, सराव प्रश्नपत्रिका, पुन्हा पाठांतर, हेच मला ठाऊक. मी लेकीला वह्या आणून दिल्या. तिने कमांड लिहून लिहून पाठ केल्या. सरावासाठी ३६-३६ तासांच्या दोन संधी फीसोबतच मिळतात. त्यातली एक घेऊन तिने उत्तरेही वहीत उतरवली. दीड महिन्यातच मी म्हणालो, "आता तारीख घे." नातेवाईक विचारीत होते, मलाच घाई झाली होती.

परीक्षेत एका कामावरच तिची पंचवीस मिनिटे गेली. मोठ्याने पुटपुटत अभ्यास करायची तिला लहानपणापासून सवय. कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्याने ओठ हलवू नका म्हणून चॅटवर दोनदा बजावले. त्यातच वीज गेली. मोबाईलवरून जोडणी परत येईपर्यंत तिचे चित्त उडाले. दुसऱ्या दिवशी निकाल आला, ५७. त्या रात्री लेक जेवली नाही. "तुमचे पैसे गेले पप्पा," एवढेच म्हणाली.

मला झोप लागेना. डेपोतले दिवस आठवले. नवा पोरगा यायचा, आय. टी. आय.चे सर्टिफिकेट घेऊन. इंजिनाचे भाग घडाघडा म्हणून दाखवायचा. पण गाडी सुरू होत नसली की पाना हातात घेऊन उभाच राहायचा. आमचे जुने मिस्त्री त्याला काही शिकवीत नसत. मुद्दाम एखादी तार सैल करून ठेवीत आणि म्हणत, हुडक. महिनाभरात पोरगा नुसत्या आवाजावरून दोष सांगू लागे.

सकाळी मी लेकीला म्हणालो, "वह्या ठेव बाजूला. रोज बिघाड काढायचा." लिनक्सही फुकट, कुबरनेटिसही फुकट. तिच्या जुन्या, दुसऱ्याच्या हातून घेतलेल्या लॅपटॉपवर लहानशी यंत्रणा उभी राहते. धाकट्याला कामाला लावले. तो रोज संध्याकाळी तिने लिहून दिलेल्या यादीतला एखादा बिघाड करून ठेवी. कधी नावातले एक अक्षर बदली, कधी आतली एखादी सेवा बंद करी. मग घड्याळ लावायचे, सात मिनिटे. दोष सापडला नाही तर सोडून पुढे जायचे, शेवटी परत यायचे. पहिल्या आठवड्यात दहातले चार सापडत, दोन महिन्यांनी नऊ. पुटपुटणे मोडायला तिच्या आईने उपाय काढला. सराव चालू असताना लेकीचे ओठ हलले की ती खाकरायची. आधी भांडणे झाली, नंतर सवय लागली. सरावाची उरलेली संधी शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवली.

मग घराची तयारी. नियम असा की खोलीत दुसरे कोणी नको, आवाज नको, टेबल मोकळे, टेबलाखाली काही नको, पाणी ठेवले तर बिनलेबलच्या पारदर्शक बाटलीत. सुरू होण्याआधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवावी लागते. आमची घरे दोन खोल्यांची. पुढच्या खोलीतच भांडी, गोधड्या, शिलाई मशीन. लेक हळूच म्हणाली, "पप्पा, पत्रे दिसतील, सगळं दिसंल." मी म्हणालो, "ते लोक कागद हुडकतेत बाई, गरिबी नाही."

तिच्या आईची काळजी वेगळी होती. "बुद्धाचा अन् बाबासाहेबाचा फोटू उतरवावा लागतो का गं?" लेकीने नियम पुन्हा वाचले. भिंतीवर चित्र चालते, लिहिलेले किंवा छापलेले कागद चालत नाहीत. म्हणजे फोटो जागेवर राहिले. बावीस प्रतिज्ञांचा छापील तक्ता आणि कॅलेंडर मात्र उतरवावे लागले. आईने तक्ता धुतलेल्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला आणि म्हणाली, "भितीवरून उतरल्या, मनातून नाही."

वेळ आपण निवडू शकतो. आम्ही पहाटे पाचची घेतली. तेव्हा ना लग्नाचा बँड, ना फेरीवाला, ना शेजारच्यांची हाक. चुलतभावाकडून इन्व्हर्टर आणला, राऊटर त्याला जोडला, मोबाईलची जोडणीही तयार ठेवली. पासपोर्ट आणि परीक्षेच्या अर्जावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, हे आधीच पाहिले. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे नाव असते, त्यात मुले अडकतात. गल्लीत घरोघर जाऊन मी विनंती केली. कोणी हसले नाही. एका आजीने तर आपला कोंबडा त्या रात्री लेकीच्या घरी नेऊन ठेवला.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजीबाबा रात्री दोन वाजता बाबासाहेबांना अभ्यासाला उठवीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या दिवशी मी साडेतीनला लेकीला उठवले. साडेचारला तिने दार लावले. मी बाहेर पायरीवर बसलो. आतून फक्त कळा दाबल्याचा आवाज येत होता, तोंडाचा नाही. सात वाजता दार उघडले तेव्हा ती घामाने भिजली होती. "एक काम राहिलं पप्पा," म्हणाली, "पण बाकीची गाडी सुरू झाली." निकाल चोवीस तासांत आला, ७९.

वाचक बंधू-भगिनींनो, हे सर्टिफिकेट म्हणजे नोकरी नव्हे. त्याची मुदतही दोनच वर्षांची, पुढे पुन्हा परीक्षा. लेक अजून अर्ज करते आहे. पण आता मुलाखतीत हाताने काम येते का असे विचारले की ती खाली पाहत नाही. आपल्या हातांच्या कामाला आजवर कोणी विद्या म्हटले नाही. येथे मात्र तीच विद्या तपासली जाते.

एक सूचना करतो. प्रत्येक गल्लीत असे एक तरी लेकरू आहे, ज्याच्याकडे बुद्धी आहे पण दार लावता येईल अशी खोली नाही. आपल्या विहाराशेजारी एक लहान खोली, टेबल, खुर्ची, इन्व्हर्टर आणि चांगले इंटरनेट एवढे झाले तरी पुष्कळ. आमच्या विहार समितीपुढे मी हा विषय ठेवला आहे. वायरिंगचे काम मी स्वतः करून देणार आहे.

तक्ता त्याच सकाळी पुन्हा भिंतीवर लावला. खिळा थोडा सैल झाला होता, तो ठोकून घेतला.